अभ्यासिकेच्या दाराला बोटाचं मशीन लावायचं आहे, अनुभवी लोकांनी बोला

रात्रपाळी_नंदनवन
नमस्कार मंडळी. नंदनवनात आमची अभ्यासिका आहे, चोवीस तास उघडी. खाली मुलांचा हॉल, वर मुलींचा, जिन्याखाली एक लहान खोली. त्या खोलीत फीचा गल्ला, रजिस्टरं, राउटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर. एमपीएससी, पोलिस भरती, तलाठी, बँकिंग आणि थोडी नीटची पोरं. सभासद तीनशेच्या घरात.

सध्या दाराला कार्ड आहे. एक जण फी भरतो आणि त्याच्या कार्डावर रूममेट, रूममेटचा मामेभाऊ, सगळे बसून जातात. परीक्षा जवळ आली की फी भरणाऱ्यालाच खुर्ची मिळत नाही. वरच्या हॉलचं एखादं कार्ड हरवलं तर माझीच झोप उडते, ते कोणाच्या हाती लागलं कोणास ठाऊक. म्हणून बोटाचं मशीन लावावं म्हणतो. सीताबर्डीत विचारून आलो. एक दुकानदार म्हणतो कोणतंही घ्या, सगळी सारखीच. दुसरा त्याच्या तिप्पट किंमत सांगतो, पण का ते सांगत नाही.

हे खरंच सुरक्षित असतं, की नुसती हजेरी लागते? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालतं का?

तर्रीपोहे
भाऊ, हजेरीले मस्त, बाकी सांगता येत नाई. आमच्या इकडे हिंगणा एमआयडीसीत लागलं तं पहिले सारे खुश. मंग एप्रिल आला. वेल्डिंगवाल्या पोट्ट्यायची बोटं अशी घासलेली का रेषाच नाई राहिल्या. मशीन आपलं 'प्लीज ट्राय अगेन, प्लीज ट्राय अगेन' करून राहते आन् मागं गेटपर्यंत लाइन. शेवटी बसवणाऱ्याले बोलावलं. त्यानं मेनूत जाऊन काईतरी कमी केलं, लगेच सारे पास होऊन राहिले. इतके पास, का माह्या बोटावर दुसऱ्याचं नाव आलं एक दिवस.

झिरो_माईल
तर्रीपोहे, त्याने जे 'काईतरी कमी केलं' तो जुळणीचा उंबरठा. सगळं गणित तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन बोटाचा फोटो फोटोशी ताडत नाही. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, असे बिंदू ते टिपतं. त्यांची जागा आणि दिशा आकड्यांत मांडतं आणि तेवढंच साठवतं. याला टेम्प्लेट म्हणतात. पुढच्या वेळी बोट जरा तिरकं पडतं, कमी दाबलं जातं, घामेजलेलं असतं. त्यामुळे जुळणी कधीच शंभर टक्के नसते, असतो तो गुण. उंबरठा खाली आणला की खरा माणूस पटकन आत जातो, आणि परकाही. वर नेला की परका अडतो, आणि खराही. ही दोन्ही दुखणी एकाच वेळी बरी करणारं बटण कोणत्याही मशीनला नसतं.

आता तुमच्या हॉलचा हिशेब. समजा माहितीपत्रकावर लिहिलंय की परक्याला चुकून आत घेण्याचं प्रमाण ०.००१ टक्के, म्हणजे लाखात एक. वाचायला झकास. पण हा आकडा बहुतेक वेळा एक बोट एका टेम्प्लेटशी ताडल्याचा असतो. तुमच्याकडे तीनशे सभासद, प्रत्येकाची दोन बोटं, म्हणजे सहाशे टेम्प्लेट. नुसतं बोट ठेवलं की मशीन त्या सहाशेंमध्ये शोधणार. चुकीची शक्यता त्याच पटीत वाढली, लाखात सहाशे, म्हणजे साधारण दीडशे-पावणेदोनशे वेळांत एकदा. परक्याने आपली दहाही बोटं लावून पाहिली तर सोळा-सतरा माणसांत एखाद्याला दार उघडेल. तेही उंबरठा कंपनीने ठेवला तसाच असेल तर. हिंगण्याच्या त्या मेनूत काय केलं ते देव जाणे.

उपाय साधा आहे. आधी आपला सभासद क्रमांक दाबायचा, मग बोट. मशीन त्या एकाच माणसाच्या दोन टेम्प्लेटशी ताडतं, आणि तुम्ही पुन्हा पन्नास हजारांत एकच्या जवळपास येता. जवळजवळ प्रत्येक की-पॅडवाल्या मशीनला ही सोय असते. बसवणारे ती लावत नाहीत, कारण गिऱ्हाईकाला नंबर दाबायचा कंटाळा.

रात्रपाळी_नंदनवन
हे कोणत्याच दुकानात कोणी सांगितलं नाही. क्रमांक पोरांना पाठच असतो, फीच्या पावतीवर तोच आहे. लावता येईल.

वायरमन_काका
बोटावर चर्चा चालू द्या, मी दाराबद्दल बोलतो. चोर बोटाच्या वाटेला जात नाही, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.

स्वस्तातलं जे एकसंध मशीन मिळतं, त्याच्या पोटातच रिले असतो, म्हणजे कुलपाची वीज चालू-बंद करणारा स्विच. मशीन दाराबाहेर. कुलपाच्या दोन तारा त्या मशीनच्या मागून निघतात. खालचा स्क्रू काढला, मशीन पट्टीवरून उचललं, मागच्या योग्य दोन तारा एकत्र केल्या किंवा तोडल्या, दार उघडलं. बोट नको, क्रमांक नको. त्यात एक्झिट बटणाच्या ताराही बसवणारा तिथूनच नेतो, म्हणजे चोराला आयतं बटण. उचलल्यावर बोंबलणारा टॅम्पर स्विच असतो खरा, पण त्याची वायर कुठे जोडलेलीच नसते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी नाही.

म्हणून बाहेर फक्त वाचणारं डोकं, निर्णय घेणारा कंट्रोलर आणि रिले आत. दोघांमधली जुनी पद्धत वायगँड. दोन डेटा तारा, डी-झीरो आणि डी-वन, माहिती उघडी जाते. तारेवर चिमुकला सर्किट बसवून कोणी ती टिपून पुन्हा वाजवू शकतो. नवी पद्धत ओएसडीपी. ती आरएस-४८५ नावाच्या तारजोडणीवर चालते आणि सिक्युअर चॅनेल चालू केलं तर माहिती एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन जाते. बजेट एकसंध मशीनचंच असेल तर निदान त्याच कंपनीचा सिक्युअर रिले मॉड्यूल घ्या आणि तो आत, फॉल्स सीलिंगच्या वर बसवा. बाहेरच्या तारा एकत्र करून मग काही होत नाही.

कुलूप. हॉलला ईएम लॉक, म्हणजे चुंबक. वीज गेली की सुटतो. हॉलसाठी तेच बरोबर, आत माणसं आहेत. आतून बाहेर पडायला हिरवं बटण, आणि त्याशिवाय काच फोडून थेट चुंबकाची लाइन तोडणारा डबा. हा डबा कंट्रोलरमधून नेऊ नका, सरळ पॉवरच्या लाइनवर हवा. कंट्रोलर अडकला तरी दार सुटलं पाहिजे. फायर अलार्म असेल तर त्याचा काँटॅक्टही त्याच लाइनमध्ये.

गल्ल्याच्या खोलीला उलट. तिथे इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीतली विजेवर सुटणारी खाच, वीज गेली तरी बंदच राहील असा, आतून हँडलने उघडणारा. ईएम लॉक लावला तर कोणीही खाली येऊन मेन स्विच पाडेल नि आत जाईल. चुंबकाच्या टोकांवर एक डायोड उलटा लावायला सांगा, १एन४००७, रुपया-दोन रुपयांचा. नाहीतर दार उघडताना चुंबक जो झटका मागे फेकतो त्याने रिलेचे काँटॅक्ट जळून चिकटतात. मग लोक म्हणतात मशीन खराब निघालं.

ईएसपी_बत्तीस
काका भारी. पण एवढा खर्च कशाला? आर३०७ हा बोटाचा सेन्सर आणि ईएसपी३२ हा चिमुकला कॉम्प्युटर-बोर्ड घ्या, मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये केलंय. हजार टेम्प्लेट मावतात, जुळणी सेन्सरच करतो, तयार लायब्ररी आहे. फी संपली की बोट आपोआप बंद, टेलिग्रामवर मेसेज. मी बसवून देतो, फक्त सामानाचे पैसे.

झिरो_माईल
उत्साह छान आहे, पण दारासाठी नको. आर३०७ जुळणी स्वतः करतो आणि तारेवरून फक्त सांगतो, 'जुळलं, क्रमांक अमुक'. ती तार बाहेरून आत येते. मी सेन्सर काढून तिथे माझा लहानसा बोर्ड लावला आणि सेन्सरच्याच वेगाने 'जुळलं, क्रमांक एक' असं पाठवलं, तर तुझा ईएसपी३२ ओळखणार कसा? सेन्सरला पासवर्ड असतो म्हणशील. कारखान्यातून तो सगळी शून्यं असतो, आणि बदललास तरी तुझा बोर्डच तो दर वेळी तारेवर उघडा पाठवतो. फीचं स्मरण, टेलिग्राम, रिकाम्या खुर्च्यांची यादी, हे सगळं कर. ते दुकानातल्या मशीनमध्ये धड नसतंच.

ईएसपी_बत्तीस
हम्म. हे खरंय. खुर्च्यांचं करतो.

संत्राबर्फी
मी अशाच एका अभ्यासिकेत बसायचे, नाव घेत नाही. तिथलं मशीन थंडीत मला घ्यायचंच नाही. नागपूरची जानेवारीतली कोरडी हवा, त्यात मेसची भांडी घासून त्वचेला चिरा. रात्री चहा प्यायला खाली उतरले की परत वर जाताना दाराबाहेर उभी, बोट पुसतेय, फुंकर मारतेय, आणि रस्त्यावरून बाइकवाले हळू होऊन बघून जाताहेत. मालकांचा फोन बंद. शेवटी आतली मैत्रीण उठून यायची.

म्हणून विचारते, बोट लागलं नाही तर पुढे काय? हा प्रश्न मुलींच्या हॉलसाठी पहिला ठेवा. परक्याला अडवणारं मशीन हवंच, पण जिची फी भरलेली आहे तिला ते रात्री रस्त्यावर अडवून ठेवत असेल तर ती सुरक्षितता कोणाची?

वायरमन_काका
संत्राबर्फीताई, अगदी बरोबर. माझ्या हातात असेल तिथे मी तीन गोष्टी करतो. प्रत्येकाची दोन हातांची वेगवेगळी बोटं नोंदवायची, अंगठा आणि दुसऱ्या हाताची तर्जनी किंवा मधलं. एकाला कापलं, भाजलं तर दुसरं चालतं. नोंदवताना शेंडा टेकवू द्यायचा नाही. बोटाचा फुगीर मधला भाग, जिथे रेषांचा भोवरा असतो, तो काचेवर सपाट आला पाहिजे. शेंड्याने नोंदवलेलं बोट आयुष्यभर त्रास देतं. आणि घाईत नोंदवायचं नाही. मशीन तीनदा ठेवायला सांगतं, पोरं तीनदा खडाखडा आपटतात आणि आपण 'ओके' म्हणतो.

याउपर ज्यांच्या रेषाच पुसट आहेत, त्यांना क्रमांक आणि पिन. अशी माणसं असतातच. गवंडीकाम, चुना, सिमेंट, भांडी. काहींच्या त्वचेला इसब असतो. त्यांना लाज वाटेल असं काही करू नका, सरळ दुसरी पद्धत द्या.

अंबाझरी_वॉकर
पेशाने डॉक्टर, म्हणून एक भर. कॅपेसिटाबीन नावाचं कर्करोगाचं औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या तळहातांची कातडी सोलवटते आणि ठसे जाऊ शकतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणाने तासनतास थांबवून ठेवलं होतं, २००९ साली त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लिहून आलं. जन्मतःच ठसे नसलेली कुटुंबंही आहेत, फार दुर्मीळ.

उन्हाळ्याबद्दल: कोरडं बोट असेल तर मशीनवर ओल्या स्पंजाचा डबा ठेवा, पोस्टात असायचा तसा. सॅनिटायझर लावून लगेच बोट टेकवू नका, वाळू द्या.

तर्रीपोहे
आन् मशीन पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका भाऊ. मे महिन्यात दुपारी चारला काच अशी तापते का बोट चटकन मागं येते.

झिरो_माईल
चटक्यापेक्षा मोठी अडचण उजेडाची. ऑप्टिकल सेन्सर आतून दिवा टाकून काचेवरच्या रेषांचं चित्र घेतो. थेट ऊन पडलं की चित्र पांढरं होतं. कपॅसिटिव्ह सेन्सरला उजेडाचा त्रास नाही. तो रेष आणि खाच यांच्यातला विद्युत फरक मोजतो. पण अगदी कोरड्या कातडीला तोही कुरकुरतो, आणि त्याला स्थिर विजेची भीती. मल्टिस्पेक्ट्रल नावाचा प्रकार वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात कातडीच्या पृष्ठभागाखालचंही बघतो, ओल्या-घासलेल्या बोटांना चांगला. तुमच्या दुसऱ्या दुकानदाराची तिप्पट किंमत कदाचित त्याची असेल, विचारून घ्या. अभ्यासिकेला गरज नाही. कारखान्याला आहे.

गोरेवाडा_१०
ते सगळं ठीक, पण नकली बोटाचं काय? फेविकॉलचं बोट करून उघडतात म्हणे. व्हिडिओ आले होते.

झिरो_माईल
उघडतात. २००२ साली जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाच्या त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिलेटिनची बोटं बनवली, जेलीच्या मिठाईत असतं तेच जिलेटिन. अकरा प्रकारच्या यंत्रांवर ती चालली. २०१३ मध्ये आयफोन ५एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवरचा ठसा उचलून त्याचं पातळ साल बनवलं आणि फोन उघडून दाखवला. जिवंत बोट ओळखणारे सेन्सरही असतात. तेही फसतात, फक्त मेहनत जास्त लागते.

पण प्रमाणात बघा. महिन्याची फी वाचवायला कोणी रूममेटच्या अंगठ्याचा साचा करणार आहे का? हॉलच्या दारासाठी मी ही काळजी करणार नाही. गल्ल्याच्या खोलीसाठी करीन, आणि तिथे बोटासोबत पिन ठेवीन. बोट बदलता येत नाही, ग्लासवर, हेल्मेटवर, मशीनच्या काचेवरसुद्धा उमटून राहतं. पिन गेला तर दुसरा.

महालकर
जाता जाता थोडं विषयांतर. ठशांचं जे वर्गीकरण जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून चाललं, त्याचं गणित कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी बसवलं. कलकत्त्याचा ठसे विभाग १८९७ चा. दहा बोटांवर भोवरे कुठे आहेत यावरून १०२४ खाने पाडले, म्हणजे हजारो कागदांत शोधायची वेळ येत नसे, एका खान्यातले तेवढे बघायचे. वर झिरो_माईल यांनी सहाशेंमधला शोध सांगितला त्यावरून आठवलं. नाव मात्र साहेबाचं लागलं.

कोर्टाची_पायरी
कायद्याची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

आधी एक गैरसमज. तुमच्या मशीनचा आणि आधारचा काही संबंध नाही, आणि तो जोडूही नका. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी संस्थांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. प्रवेशासाठी 'आधारचा अंगठा लावा' असं तुम्ही म्हणू शकत नाही. आधारच्या झेरॉक्सवर सभासदाचा अंगठा उमटवून फायलीत ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती तर आजच बंद करा. आधार क्रमांक आणि ठसा एकत्र सापडला तर त्यावरून सिलिकॉनचा अंगठा बनवून आधार-संलग्न बँक खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलले गेले होते. सभासदांनाही सांगा, यूआयडीएआयच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट आहे.

दुसरं, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. कशासाठी घेताय ते स्पष्ट सांगून संमती, कारण संपलं की पुसणं, आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती. तुमची नीटची पोरं सतराची असतील. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी आहे. अभ्यासिकेवर तेवढा कोणी लावणार नाही, पण 'आमचं छोटं आहे' हे उत्तर चालत नाही. आणि नकार देणाऱ्याला दुसरा मार्ग ठेवा. संमती म्हणजे 'बोट दे नाहीतर फी परत नाही' असं नव्हे.

रात्रपाळी_नंदनवन
ताई, पुसायचं म्हणजे सॉफ्टवेअरमधून नाव काढलं की झालं ना?

झिरो_माईल
नाही. खालच्या मशीनमधून काढलं तरी वरच्या मशीनमध्ये असतं, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्येही. तिन्हीकडे बघा. शक्य असेल तर सभासदत्वाची शेवटची तारीख मशीनमध्येच घाला, म्हणजे फी संपली की दार आपोआप बंद.

मशीन आल्या दिवशी अजून दोन कामं. स्वतःला ॲडमिन म्हणून नोंदवा. ॲडमिन नोंदवलेलाच नसेल तर बऱ्याच मशीनचा मेनू कोणालाही उघडतो. एखादा पोरगा मेनू दाबून मित्राचं बोट घालून मोकळा. दुसरं, मशीन राउटरला जोडाल तर पोरांच्या वायफायपासून वेगळ्या नेटवर्कवर, आणि कम्युनिकेशन पासवर्ड शून्यावरून बदलून. 'घरून बघायला बरं' म्हणून राउटरमधून पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, बाहेर उघडू नका. २०२४ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका चिनी बनावटीच्या बायोमेट्रिक टर्मिनलमध्ये चोवीस त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या एकीत खास बनवलेला क्यूआर कोड दाखवून मशीन फसायचं. बोटाशी काही संबंधच नाही.

संत्राबर्फी
आणि एकीने बोट लावून दार उघडल्यावर मागून दोघं घुसले तर?

वायरमन_काका
ते मशीन नाही अडवत ताई. टर्नस्टाइल, म्हणजे एकेकालाच सोडणारा फिरता दांडा, अडवतो, त्याला जागा लागते आणि आग लागली तर तोच अडथळा. दार लवकर बंद होणारा डोअर क्लोजर, दार दहा-पंधरा सेकंदांहून जास्त उघडं राहिलं तर वाजणारा बझर, आणि रात्री एक माणूस. मी तरी रात्रीचा माणूस काढून मशीन लावू नका असंच सांगतो. दुकानदार उलट सांगेल.

रात्रपाळी_नंदनवन
माणूस काढत नाही. असं ठरवलंय: हॉलला क्रमांक अधिक बोट, ज्यांचं लागत नाही किंवा ज्यांना द्यायचं नाही त्यांना क्रमांक अधिक पिन. ज्याचा पिन दुसऱ्याने वापरलेला कॅमेऱ्यात दिसेल त्याचं सभासदत्व बंद, हे फॉर्मवरच छापतो. गल्ल्याच्या खोलीत मी, बायको आणि रात्रीचे काका, बोट अधिक पिन, वेगळं मशीन. कंट्रोलर आत. अठराच्या आतल्यांच्या पालकांना बोलावून सही.

काका, लाइट गेली तर चुंबक किती वेळ धरेल? आमच्याकडे पहिल्या पावसात ट्रान्सफॉर्मर हमखास बसतो.

वायरमन_काका
सहाशे पौंडाचा चुंबक बारा व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर खातो. कंट्रोलर नि रीडर मिळून अजून तेवढाच धरा. बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी कागदावर सात तास, प्रत्यक्षात चार-पाच. दोन वर्षांनी त्याच्या अर्धी, म्हणून बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. पॉवर सप्लाय चार्जिंगवाला घ्या, बॅटरी चार्ज न करणारा नुसता एसएमपीएस नको. बॅटरी संपली की हॉल उघडा पडेल, त्यासाठी वरच्या दाराला साधी आतली कडीही ठेवा, आतून हाताने निघणारी.

शनिवारी दुपारनंतर येऊन जातो. चौकट कशाची आहे तेवढं कळवा. बिनचौकटीचं काचेचं दार असेल तर चुंबक बसवायला यू ब्रॅकेट आणावा लागेल.

रात्रपाळी_नंदनवन
चौकट लोखंडी, दार प्लायचं, आत उघडतं.

वायरमन_काका
मग झेड ब्रॅकेट. आणतो.